खत केव्हां घालावें?

पावसाळा सरल्यावर देवगड-मालवणच्या बागांत एक गोष्ट पाहण्यासारखी असते. हापूसच्या कांहीं कलमांवर कोंवळी, तांबूस पालवी फुटते. शेजारचीं कलमें मात्र जून, गर्द हिरवीं पानें घेऊन स्तब्ध उभीं असतात. पुढें थंडी पडली म्हणजे मोहोर बहुधा या दुसऱ्या कलमांस येतो. असें कां व्हावें?

नत्र हें पानांतील हरितद्रव्याचें व प्रथिनांचें घटकद्रव्य होय. तें मिळालें कीं कोंब जोमानें फुटतात. परंतु वाढीप्रमाणें विसाव्याचाही एक काळ असतो. कॅनडा, स्वीडन अशा शीतप्रदेशांतील रोपवाटिकांत पाइन व स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांचीं रोपें वाढवितात. दिवस लहान होऊं लागले कीं त्यांची उंची वाढणें थांबतें व शेंड्यावर खवल्यांनीं झांकलेली कळी बसते. मग थंडीबरोबर पेशींत शर्करा सांठते, पाणी कमी होतें आणि रोप काटक बनतें. कळी बसण्याच्या सुमारास नत्राचा मारा चालूंच राहिला, तर वाढ लांबते आणि पहिल्या हिमानें कोंवळे शेंडे करपतात.

मग नत्र वाईट काय? मुळींच नाहीं. उपाशी रोपही थंडीस नीट तोंड देऊं शकत नाहीं. कळी पक्की बसल्यावर माफक नत्र दिलें, तर रोप तें सांठवून ठेवतें व वसंतांत वापरतें. दोष खताचा नसून अवेळेचा असतो.

आपल्याकडे हिम पडत नाहीं. येथें थंडीचें काम निराळें. रात्रीच्या गारव्यानें हापूसच्या जून काडीस मोहोर फुटतो. कोंवळ्या काडीस तीच थंडी व्यर्थ जाते, आणि बागायतदाराची वर्षाची मिळकतही तिजबरोबर जाते. यास्तव दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाची शिफारस अशी कीं, दहा वर्षांवरील कलमास ५० किलो शेणखत, १.५ किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद व १ किलो पालाश हीं पावसाळ्याच्या आरंभींच, झाडाभोंवतीं चर खणून द्यावीं. म्हणजे नव्या पालवीस थंडीपूर्वीं जून होण्यास अवधि मिळतो. लांबलेल्या पावसानेंही अवेळीं पालवी येते. पाऊस आपल्या हातीं नाहीं, खताची वेळ मात्र आहे.

विद्यार्थ्यांनीं आश्विन सरतां सरतां दहा जून व दहा कोंवळ्या काड्यांस दोन रंगांचे दोरे बांधावे आणि माघापर्यंत कोणत्या काड्यांस मोहोर आला, तें वहींत टिपून घरीं वडीलधाऱ्यांस दाखवावें.