माप वाढले, हिशेब मात्र जुनाच



गिऱ्हाईक ऐनवेळी माप वाढवते आणि आपण जुन्याच अंदाजावर काम रेटतो, हे आपल्या धंद्यात नेहमीचे आहे. त्याची किंमत किती पडू शकते, हे कॅनडातील क्वेबेक पुलाच्या हकिकतीवरून समजते.

सेंट लॉरेन्स नदीवर हा पोलादी पूल बांधायचा होता. मधला गाळा आधी १६०० फुटांचा ठरला होता. १९०० साली सल्लागार इंजिनिअर थिओडोर कूपर यांनी तो १८०० फूट केला. गाळा वाढला म्हणजे पोलाद वाढले, वजन वाढले. परंतु वजनाचा हिशेब नव्याने झाला नाही. नकाशे दुसऱ्या इंजिनिअरकडून तपासून घ्यावेत, ही सूचनाही कूपर यांना रुचली नाही. प्रत्यक्ष वजन जास्त भरते हे कळले, तेव्हा बरेच काम होऊन गेले होते. एवढे चालून जाईल, असे ठरवून काम पुढे नेले गेले.

ऑगस्ट १९०७ मध्ये खालच्या अंगाचा, दाब झेलणारा एक भाग वाकू लागला. आठवडाभरात वाक पाऊण इंचावरून दोन इंचांवर गेला. साइटवरील तरुण इंजिनिअर नॉर्मन मॅक्लूर हे सांगायला न्यूयॉर्कला कूपर यांच्याकडे गेले. कूपर प्रकृतीमुळे साइटवर येत नसत. २९ ऑगस्टला त्यांनी आणखी भार घालू नका अशी तार केली, पण ती क्वेबेकला नव्हे, तर कंपनीच्या फिनिक्सव्हिल येथील कचेरीत. तेथे निर्णय दुसऱ्या दिवसावर ढकलला गेला. त्याच संध्याकाळी, सुट्टी व्हायच्या सुमारास, पूल काही सेकंदांत कोसळला. पुलावरील ८६ जणांपैकी ७५ जण ठार झाले. त्यांत ३३ जण कानावाके या एकाच वस्तीतील मोहॉक कामगार होते.

चौकशी आयोगाने १९०८ मध्ये मुख्य दोष इंजिनिअरांच्या चुकीच्या निर्णयावर ठेवला. दुसरा पूल कितीतरी भक्कम बांधला गेला. तरीही १९१६ मध्ये मधला भाग वर उचलताना तो नदीत पडला आणि आणखी १३ जण गेले. १९१७ मध्ये पूल पुरा झाला. तो आजही उभा आहे.

आपण शेड उभारतो, पोटमाळा टाकतो, पाण्याच्या टाकीखाली अँगलचा स्टँड करतो. तेथे हे तीन नियम पाळावेत:

१. माप बदलले की वजन, माल आणि दर यांचा हिशेब पुन्हा मांडावा.

२. जोखमीचे काम दुसऱ्या जाणकाराला दाखवावे. त्यात कमीपणा नाही.

३. काम थांबवण्याचा अधिकार साइटवरच्या माणसाकडे असावा. आज फोन क्षणात लागतो, पण मालकाच्या होकाराची वाट पाहत हात चालूच राहिले तर त्या फोनचा उपयोग काय?

काम थांबले तर एका दिवसाची मजुरी बुडते, ती पुन्हा कमावता येते. गेलेला कारागीर परत येत नाही.