खांदे खाली ओढल्याने हाताला धोका आहे का?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या मानेतल्या सहाव्या-सातव्या मणक्यांमधल्या चकतीचं ऑपरेशन ठरलंय. एक्स-रे नीट दिसावा म्हणून भूल दिल्यावर खांदे चिकटपट्टीने खाली ओढून ठेवतात, आणि जितकं जास्त ओढावं तितकं चांगलं दिसतं, असं ऐकलं. हात लुळा तर पडणार नाही ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काळजी रास्त आहे, पण घाबरू नका. बाजूने एक्स-रे घेताना खांदे खालच्या मणक्यांच्या आड येतात. मान आखूड, खांदे भरदार असतील तर सातवा मणका दिसतच नाही. मणका मोजण्यात चूक झाली तर भलतीच चकती उघडली जाऊ शकते, म्हणून खांदे खाली घ्यावे लागतात.

पण ‘जास्त ओढलं की चांगलं’ हे खरं नाही. हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं कॉलर बोनच्या मागून जातं, आणि भुलेतला माणूस ‘दुखतंय’ म्हणू शकत नाही. ताण जोराचा आणि सतत राहिला तर हाताला मुंग्या, क्वचित अशक्तपणा येतो. बहुतेकदा तो हळूहळू भरून निघतो. त्यामुळे पट्टी बेताचीच लावतात. मनगटाला पट्टे बांधून फक्त फोटोपुरतं ओढायचं आणि लगेच सोडायचं, हा मला अधिक पटणारा मार्ग. तेवढ्याने भागलं नाही तर एक्स-रेचं यंत्र (सी-आर्म) तिरकं फिरवतात, किंवा वरच्या, स्पष्ट दिसणाऱ्या मणक्यापासून खाली मोजत येतात.

वडिलांचा खांदा पूर्वी निखळला असेल, आखडलेला असेल किंवा हातात आधीच मुंग्या असतील, तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही आधीच सांगा. नसांवर लक्ष ठेवणारं यंत्र वापरणार का, हेही विचारा. शुद्धीवर आल्यावर हात नव्याने जड वाटला तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता लगेच कळवा.