वनस्पतींची विविधता व मानवाचे हित

(वरच्या इयत्तांच्या सामान्यविज्ञान-पाठासाठी)

एकाच जातीच्या बियांपासून वाढलेली रोपे सर्वस्वी सारखी नसतात. एखादे रोप अवर्षणात तग धरते, दुसरे कोमेजते; एकावर रोग पडतो, दुसरे निरोगी राहते. जे टिकते त्याचेच बी पुढे रुजते. हा क्रम लक्षावधी वर्षे चालत आल्यामुळे वनस्पतींत नानाविध गुण साठत गेले. यालाच उत्क्रांती म्हणतात.

मानवाने पिकांची निवड करताना उत्पन्न व चव यांकडे अधिक लक्ष दिले. त्यामुळे धान्य वाढले, परंतु शेतातील विविधता घटली. आयर्लंडमधील गोरगरिबांचा निर्वाह मुख्यतः 'लम्पर' नावाच्या एकाच वाणाच्या बटाट्यावर चाले. बटाटा कंदापासून लावला जात असल्याने सर्व झाडे एकाच गुणाची होती. १८४५ मध्ये करपा रोग आला, तेव्हा त्यास तोंड देणारे झाड शेतात नव्हते. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व रोगराईने दगावली. तितक्याच लोकांना देशत्याग करावा लागला.

भाताच्या बाबतीत मात्र विविधता उपयोगी पडली. १९७० नंतर आशियातील भातशेतीवर एका विषाणुरोगाचे संकट आले. तपकिरी तुडतुड्यांमुळे हा रोग पसरतो. रोप खुरटते, गवतासारखे असंख्य फुटवे फुटतात, पण लोंबी क्वचितच येते. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यांपैकी उत्तर प्रदेशातून १९६३ मध्ये गोळा केलेल्या एका रानटी भातातच या रोगाला दाद न देणारी रोपे आढळली. संस्कृत वाङ्मयात मुनींचे अन्न म्हणून उल्लेखिलेला 'नीवार' तो हाच. शास्त्रीय नावातही हा शब्द कायम आहे. याचे दाणे पिकताच गळून पडतात व त्यांस लांब कुसळे असतात. म्हणून शेतकरी तण समजून ते उपटून टाकतो. गुरुदेव खुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी नीवाराचा तो गुण संकराने लागवडीच्या भातात आणला. त्यातून १९७६ मध्ये 'आय. आर. ३६' हे वाण प्रसृत झाले. पुढील दशकात ते सुमारे एक कोटी दहा लक्ष हेक्टरांवर पेरले जात होते.

कोणता रोग उद्या येईल व कोणत्या रानवनस्पतीत त्यावरील उपाय असेल, हे आधी सांगता येत नाही. शिवाय नष्ट झालेली जात पुन्हा निर्माण करता येत नाही. यास्तव निरुपयोगी वाटणाऱ्या वनस्पतीही राखणे आवश्यक ठरते.

शिक्षकांसाठी सूचना : गावातील वडीलधाऱ्यांकडून भात, ज्वारी किंवा वाल यांच्या जुन्या वाणांची नावे व थोडे बी मुलांकडून गोळा करवावे. रंग, आकार, कुसळ व पिकण्याचा काळ यांची नोंद तक्त्यात करवून घ्यावी.

प्रश्न :
१. आयर्लंडमध्ये करपा रोग सर्व शेतांत का पसरला?
२. शेतकरी नीवार का उपटतो? त्याचा उपयोग कसा झाला?
३. तुमच्या गावात पूर्वी पेरले जाणारे कोणते वाण आता दिसत नाही?