प्रोसेसरचा वेग आणि बदलापूरचा उन्हाळा

प्रश्न : गेम अडखळू नयेत म्हणून घरच्या संगणकाचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करावा काय? (एक वाचक, बदलापूर)

उत्तर : प्रथम गेमचे रेझोल्यूशन उतरवून पाहावे, तेवढ्याने फ्रेम वाढल्या, तर उणीव ग्राफिक्स कार्डाची असून प्रोसेसरास छेडण्याचे प्रयोजन उरत नाही. इंटेलच्या बाबतीत, ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘के’ हे अक्षर आणि ज्याच्या मदरबोर्डावर ‘झेड’ मालिकेचा चिपसेट, त्यासच सामान्यतः वेगाचा गुणक (मल्टिप्लायर) वाढविण्याची मुभा असते. खरी ताकीद व्होल्टेजविषयी आहे : वेग तोच ठेवून १.२० चे १.३२ व्होल्ट केले, म्हणजे अवघे १० टक्के वाढविले, तरी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने सुमारे २१ टक्क्यांनी चढते. आणि कोणताही पंखा प्रोसेसरास खोलीतील हवेहून थंड करू शकत नसल्यामुळे, अंबरनाथ-बदलापूरकडे मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो तेव्हा जानेवारीतील निर्धास्त मांडणी निरुपयोगी ठरते. यास्तव व्होल्टेज मूळचेच ठेवून बायोसमध्ये गुणक एकेक पायरी, म्हणजे १०० मेगाहर्ट्झने, चढवावा, प्रत्येक पायरीस भर दुपारी अर्धा तास पूर्ण भाराची चाचणी घ्यावी, आणि तापमान ८५ अंशांपुढे गेल्यास वा यंत्र गोठल्यास बिनदिक्कत एक पायरी उतरावे. हमीपत्रातील अटी मात्र आधीच वाचाव्यात.