विचार, भक्ती आणि केरसुणी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २:४१-४७, योहान १३:१-१७

यरुशलेमेतील पहिल्या मंडळीविषयी लूक चार गोष्टी नमूद करतो : प्रेषितांचे शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणे व प्रार्थना. ह्या चारही त्याने एकाच वाक्यात गोवल्या आहेत. शिक्षणावाचून सहभागिता उथळ होते, आणि सहभागितेवाचून शिक्षण कोरडे राहते.

ह्याचे एक बोधप्रद उदाहरण कुमाऊंच्या डोंगरांत, नैनितालजवळील सातताल येथे घडले. १९०७ साली हिंदुस्थानात आलेले मेथडिस्ट मिशनरी डॉ. ई. स्टॅनले जोन्स ह्यांनी १९३० साली तेथे ख्रिस्ती आश्रम सुरू केला. दर उन्हाळ्यात हिंदी व परदेशी, निरनिराळ्या मंडळ्यांचे विचारवंत बंधुभगिनी तेथे एकत्र राहत. पहाटे मौन व मनन, मग सामुदायिक उपासना, त्यानंतर व्याख्यान व चर्चा असा क्रम असे. १९३१ सालच्या मेळाव्यातील विचार पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाले. पदव्या दाराबाहेर ठेवून सर्व एकमेकांस बंधू व भगिनी म्हणत.

परंतु खरी परीक्षा व्याख्यानात नव्हती. शौचकूप साफ करणाऱ्या सेवकास आठवड्यातून एक दिवस सुटी देत, व त्या दिवशी त्याचे काम आश्रमवासी आपण होऊन करीत. ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले एक गृहस्थ मात्र मागे राहत. डॉ. जोन्स ह्यांनी विचारले तेव्हा त्यांनी सरळ उत्तर दिले की, आपले परिवर्तन झाले आहे खरे, पण अजून इतक्या दूरवर पोहोचलेले नाही. ही गोष्ट डॉ. जोन्स स्वतः सांगत.

वाचकहो, त्या गृहस्थांस हसू नका. ते प्रामाणिक होते. आपण मात्र एकाच मेजाची भाकर घेतो आणि घरी परतल्यावर, सोयरीक जुळविताना व पंगत मांडताना, जुन्या जाती हळूच आठवितो. आपले परिवर्तन कोठवर पोहोचले आहे, हे उपासनेच्या बाकावर नव्हे, तर तेथे कळते.

योहानाच्या शुभवर्तमानातील क्रम पाहा. प्रभूने आधी शिष्यांचे पाय धुतले (अध्याय १३), मग दीर्घ शिक्षण दिले (अध्याय १४ ते १६), आणि शेवटी प्रार्थना केली (अध्याय १७). आपण पुष्कळदा शिक्षण व प्रार्थना घेतो आणि घंगाळ व रुमाल दुसऱ्यावर सोपवितो.

आपल्या मंडळीचा वार्षिक मेळावा भरेल तेव्हा वक्ता कोण, ह्याबरोबरच पाणी कोण भरणार, भांडी कोण घासणार व आवार कोण झाडणार, हेही ठरवावे. ह्या कामांचा आरंभ पाळकाने व पंचांनी करावा. ज्यांच्या वाट्यास ती नेहमी येतात, त्यांस त्या दिवशी पुढे बसवून वचन ऐकू द्यावे.

मननासाठी प्रश्न
१. पहिल्या मंडळीच्या चार गोष्टींपैकी आपल्या मंडळीत कोणती दुबळी आहे?
२. पेत्राने पाय धुऊ देण्यास प्रथम नकार का दिला?
३. कोणते काम आपण हलके समजतो, व ते आजवर कोणावर टाकीत आलो?