हिरड्यांचे आरोग्य आणि मधुमेह

‘दात घासताना थोडे रक्त येते, पण दुखत काही नाही’, असे सांगणारे रुग्ण दंतविभागात नेहमीच भेटतात. हिरड्यांचा आजार बहुधा दुखत नाही आणि हाच त्यातील मोठा धोका आहे. दात हलू लागल्यावर रुग्ण दवाखान्यात येतो. तोपर्यंत दातांना आधार देणारे हाड बरेच झिजलेले असते आणि ते सहसा पूर्ववत होत नाही.

दातांवर जिवाणूंचा चिकट थर सतत साचत असतो. तो वेळीच काढला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे कठीण होतो. हिरडी लाल होते, सुजते आणि तिच्यातून रक्त येते. ही पहिली अवस्था योग्य स्वच्छतेने पूर्ण बरी होते. दुर्लक्ष झाल्यास दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल फट निर्माण होते, तीत पू साचतो. यालाच आपण पायोरिया म्हणतो. आजार सर्वत्र पसरलेल्या व्यक्तीच्या तोंडातील अशा सर्व फटींचा पृष्ठभाग एकत्र केल्यास तो सुमारे ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरतो. एवढी जखम हातावर असती, तर आपण एक दिवसही स्वस्थ बसलो नसतो.

या जखमेतील दाह तोंडापुरता राहत नाही. तेथील दाहकारक द्रव्ये रक्तात मिसळतात आणि इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतात. उलट, रक्तातील साखर वाढलेली असल्यास जंतुसंसर्गाशी लढण्याची शक्ती घटते, जखमा लवकर भरत नाहीत आणि हिरड्यांचा आजार बळावतो. असे हे दुहेरी नाते आहे. सुदैवाने त्याचा उपयोगही होतो. कोक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये ३५ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. हिरड्यांवर उपचार केलेल्या मधुमेही रुग्णांमध्ये एचबीएवनसी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशांक, तीन-चार महिन्यांत साधारण ०.४ टक्क्यांनी अधिक उतरल्याचे त्यात आढळले. अर्थात हे उपचार औषधांना पूरक आहेत, पर्याय नव्हेत.

हृदयविकाराबाबत मात्र सावधपणे बोलले पाहिजे. हिरड्यांचा आजार असलेल्यांमध्ये रक्तवाहिन्यांचे विकार अधिक आढळतात, हे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये मान्य केले. परंतु एकामुळे दुसरा होतो, असे सिद्ध झाले नसल्याचेही त्याच निवेदनात स्पष्ट केले. तेव्हा दातांची सफाई केली म्हणजे हृदयविकार टळला, असा समज कोणी करून घेऊ नये.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती मिशरीची. ‘मिशरीने दात घट्ट होतात’ अशी समजूत अनेक घरांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, अजूनही आढळते. मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तंबाखूमुळे रक्तस्राव कमी दिसतो, सूज झाकली जाते. आजार मात्र आतून वाढत राहतो. म्हणूनच रक्त न येणे हे तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाबतीत निरोगीपणाचे लक्षण मानता येत नाही.

कुटुंबीयांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

• मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात घासावेत. रक्त येते म्हणून घासणे थांबवू नये.
• मधुमेहाचे निदान होताच हिरड्यांची तपासणी करून घ्यावी आणि पुढे वर्षातून किमान एकदा ती करावी. दंतवैद्यांना मधुमेहाची व चालू औषधांची माहिती द्यावी.
• सफाईने दात सैल होतात, ही भीती निराधार आहे.
• मिशरी व तंबाखू पूर्णपणे सोडावा.

दात गेले की भाकरी, उसळी, कोशिंबिरी ताटातून जातात आणि चहात बुडवलेल्या बिस्किटांवर दिवस निघतो. मधुमेही वृद्धाला हे परवडणारे नाही. हिरड्यांची वेळीच होणारी सफाई हा अल्प खर्चाचा उपचार आहे. एखाद्या गरजू रुग्णाचे जेवण आणि त्याच्या साखरेवरील नियंत्रण दोन्ही राखण्यास त्याचा हातभार लागतो.