गरोदरपणातला मधुमेह : तपासणी एकदाच करून भागत नाही



आमच्या शाळेतल्या एका मॅडमना सातव्या महिन्यात शुगर निघाली. "अहो, पण तिसऱ्या महिन्यात तर नॉर्मल होती!" असं त्या सारखं म्हणत होत्या. खरंच होती. गोंधळ इथंच होतो.

गरोदरपणात वारेतून येणारी संप्रेरकं आईच्या इन्सुलिनचं काम अडवतात आणि दिवस वाढतील तसा हा अडथळा वाढत जातो. बहुतेकींचं शरीर जास्त इन्सुलिन तयार करून निभावून नेतं, काहींचं कमी पडतं. म्हणून तपासणी दोनदा करायची : पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात, दोन तासांनी रक्त तपासतात. उपाशी राहायची अट नाही. साखर १४० किंवा जास्त आली, की गरोदरपणातला मधुमेह. (ते पाणी भयंकर गोड लागतं. मी नाक दाबून प्यायले होते!)

आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते. मग बाळाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करतं आणि वजन वाढतं. घरचे "बाळ गुटगुटीत आहे" म्हणून खूश, पण बाळंतपण अवघड होतं. जन्मानंतर बाळाची साखर एकदम उतरू शकते, म्हणून पहिल्या तासातच अंगावर पाजायचं.

मॅडमच्या सासूबाई "दोन जिवांची आहेस" म्हणून भात वाढत राहायच्या. शुगर कळल्यावर मॅडमनी भीतीने जेवणच अर्धं केलं. हेही चूकच. डॉक्टरांनी सांगितलं, उपाशी राहू नका, थोडं थोडं खा. मग भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक, मधल्या सुट्टीत फुटाणे आणि जेवणानंतर चालणं सुरू झालं.

दोन आठवड्यांनी जेवणानंतरची दोन तासांची साखर १२० च्या आत हवी होती. आली नाही. इन्सुलिन सुरू करायचं म्हटल्यावर त्या स्टाफरूममध्ये रडल्याच. इंजेक्शनचं इन्सुलिन वारेतून बाळापर्यंत जात नाही, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कुठे तयार झाल्या.

बाळंतपणानंतर इंजेक्शन बंद झालं. बहुतेकजणी इथंच विसरतात. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं असतं, कारण पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका असतो. मॅडमनी बाळाच्या दीड महिन्याच्या लसीच्या दिवशीच स्वतःचंही रक्त दिलं.